दुसरी त्वचा

मुलांनो, गरम तव्याला बोट लागले, की तुम्ही हात चटकन मागे घेता. तवा तापल्याची सूचना कोण देते? आपली त्वचा! ती ऊन, थंडी व स्पर्श ओळखते. घाम आणून शरीर थंड ठेवते.

सिन्नरजवळ माळेगाव व मुसळगाव येथे औद्योगिक वसाहती आहेत. उन्हाळ्यात जाड कपडे घालून काम करणाऱ्या कामगाराचा घाम लवकर वाळत नाही. शरीर तापत जाते. उष्माघाताने प्राणही जाऊ शकतो. अशा वेळी अंगातील सदऱ्यानेच सांगितले, "थांब, सावलीत जा, पाणी पी," तर? असे कपडे बनवण्याचे प्रयोग आज जगभर चालू आहेत. हीच माणसाची दुसरी त्वचा!

या सदऱ्याला वीज वाहून नेणारा धागा हवा. कोरड्या सुती धाग्यातून वीज वाहत नाही, धातूतून वाहते. पण साधी तार कडक असते, अंगाला टोचते. मग काय करावे?

आपल्या नाशिक जिल्ह्यातील येवले पैठणीसाठी प्रसिद्ध आहे. पैठणीच्या पदरात जर असते. हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. फारसीत 'जर' म्हणजे सोने. धातूची बारीक, चपटी तार रेशमी धाग्याभोवती गुंडाळून जर तयार करतात. ती चमकते आणि वाकतेही.

१९९७ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रेहमी पोस्ट व मॅगी ऑर्थ यांनी भारतात विणले जाणारे असेच कापड वापरले. त्यात रेशमाभोवती तांब्याची पट्टी होती. त्यांच्या गटाने एक जाकीट बनवले. त्यावरील भरतकामाला बोट लावताच सूर उमटत!

आता कपड्यातून हृदयाचे ठोके व शरीराची उष्णता मोजता येते. तरीही अडचणी आहेत. घामाने धातू गंजतो, धुण्याने धागा तुटतो. आणखी एक प्रश्न आहे. कामगाराच्या हृदयाचे ठोके कोणी पाहावेत? त्याने, डॉक्टरांनी, की मालकाने? कपडा शिवणाऱ्याने याचाही विचार करायला हवा. त्वचा माणसाचे रक्षण करते, त्याच्यावर पाळत ठेवत नाही.

शब्दार्थ : सूचना – इशारा, उष्माघात – ऊन लागणे, पाळत – गुप्त नजर.

स्वाध्याय
१. जर कशी तयार करतात?
२. साधी तार कपड्यात का चालत नाही?
३. तुमच्या घरातील कष्ट करणाऱ्या व्यक्तीसाठी कोणता कपडा बनवाल? पाच वाक्ये लिहा.