गरुडांच्या घरट्यांची वाट

पोलंड हा युरोप खंडाच्या मध्यभागी वसलेला देश. त्याचा बहुतेक भाग सपाट मैदानाचा आहे. कोसचे कोस चालत गेले, तरी शेते, कुरणे आणि अरण्ये यांवाचून डोळ्यांना दुसरे काही दिसत नाही. परंतु देशाच्या दक्षिणेस, क्राकूफ या प्राचीन राजधानीपासून वायव्येकडे चेंस्तोहोवा या तीर्थक्षेत्रापर्यंत, एक चिंचोळे पठार पसरलेले आहे. त्यावर हिरव्या झाडीतून पांढऱ्याशुभ्र खडकांचे सुळके वर आलेले दिसतात, आणि कित्येक सुळक्यांच्या माथ्यावर पडक्या किल्ल्यांचे बुरूज आकाशाकडे मान उंचावून उभे असतात. या प्रदेशास 'युरा' असे म्हणतात.

सुमारे १५ ते १६ कोटी वर्षांपूर्वी येथे उबदार व उथळ समुद्र होता. त्यातील असंख्य जलचरांच्या अवशेषांचे थर तळाशी साचत गेले व कालांतराने त्यांचा चुनखडक बनला. पुढे समुद्र हटला, भूमी उंचावली, आणि ऊन, पाऊस व हिम यांनी त्या खडकावर आपली छिन्नी चालविली. मऊ भाग झिजून गेला. कठीण भाग सुळक्यांच्या रूपाने उरला. चुनखडक पाण्यात हळूहळू विरघळतो. म्हणून या पठाराच्या पोटात शेकडो गुहा निर्माण झाल्या आहेत. पावसाचे पाणी भेगांतून खाली मुरून जात असल्यामुळे वरच्या भागात ओढे व झरे थोडे. दगड विपुल आणि पाणी दुर्मीळ, असा हा मुलूख आहे.

निसर्गाने घडविलेल्या या सुळक्यांचा उपयोग इतिहासाने करून घेतला. चौदाव्या शतकात पश्चिमेकडील सायलेशिया प्रांत बोहेमियाच्या राजाच्या अमलाखाली गेला आणि राज्याची सरहद्द राजधानीच्या अगदी जवळ येऊन ठेपली. त्या वेळी पोलंडच्या गादीवर काझिमिएश राजा होता. त्याने १३३३ ते १३७० पर्यंत राज्य केले. सरहद्दीचे व व्यापारी मार्गाचे रक्षण व्हावे म्हणून त्याने या पठारावर दगडी किल्ल्यांची साखळी उभारली. या राजाला लाकडाचा पोलंड मिळाला आणि त्याने दगडाचा पोलंड मागे ठेवला, असे तेथील लोक आजही अभिमानाने म्हणतात. उंच कड्यांवरील हे किल्ले दुरून पाहणाऱ्यास गरुडाच्या घरट्यांसारखे भासतात. म्हणूनच त्यांना जोडणाऱ्या पायवाटेस 'गरुडांच्या घरट्यांची वाट' हे नाव पडले आहे. ही वाट सुमारे १६० किलोमीटर लांबीची आहे. झाडांवर व खडकांवर दोन पांढऱ्या पट्ट्यांमध्ये एक तांबडा पट्टा रंगविलेला असतो. तो दृष्टीस पडला, की आपण योग्य मार्गावर आहोत, अशी पांथस्थाची खात्री पटते.

क्राकूफ सोडल्यावर थोड्याच वेळात प्रवासी ओइत्सुफच्या दरीत येतो. प्रोंद्निक नावाची लहानशी नदी या दरीतून खळखळत वाहते. दोन्ही बाजूंस पांढरे कडे आणि दाट वनश्री आहे. १९५६ साली हा भाग राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवण्यात आला. पोलंडमधील राष्ट्रीय उद्यानांत हे सर्वांत लहान आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे २१ चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे. येथील गुहांत वटवाघळांच्या अनेक जाती राहतात. त्यामुळे उद्यानाने वटवाघूळ हेच आपले बोधचिन्ह केले आहे.

येथील एका गुहेशी एक आख्यायिका निगडित आहे. काझिमिएश राजाचा पिता वोक्येतेक हा शरीराने ठेंगू, पण मनाने अत्यंत चिवट पुरुष होता. बोहेमियाच्या राजाने क्राकूफ जिंकून घेतले, तेव्हा वोक्येतेक परागंदा झाला. शत्रूचे सैनिक पाठीवर असता त्याने या गुहेचा आश्रय घेतला. इतक्यात एका कोळ्याने गुहेच्या तोंडावर जाळे विणले. ते अखंड जाळे पाहून आत कोणी गेले नसावे, असे सैनिकांना वाटले आणि ते पुढे निघून गेले. ही कथा लोकांनी रचलेली असेल. परंतु त्याच वोक्येतेकाने पुढे विखुरलेले राज्य एकत्र केले आणि १३२० साली क्राकूफ येथे त्याला राज्याभिषेक झाला, हा इतिहास आहे. आजही त्या गुहेच्या तोंडाशी कोळ्याच्या जाळ्याच्या आकाराचा लोखंडी दरवाजा आहे.

दरीतून वर गेल्यावर प्येस्कोवा स्कावा येथील राजवाडा लागतो. त्याच्याजवळ एक खडक मुद्गलासारखा उभा आहे. तो खाली निमुळता आणि वर रुंद असल्यामुळे लोक त्यास 'हर्क्युलिसची गदा' म्हणतात. तेथून आणखी पुढे, मुख्य वाटेच्या पश्चिमेस, एक विलक्षण दृश्य पाहावयास मिळते. हिरव्यागार प्रदेशाच्या मध्ये वाळूचे विस्तीर्ण मैदान पसरलेले आहे! हे ब्वेन्दुफचे वाळवंट होय. ही वाळू हिमयुगात वाहून आलेली. परंतु वाळवंट केले ते माणसाने. जवळच्या ओल्कुश गावी मध्ययुगात शिसे व चांदी यांच्या खाणी होत्या. त्या खाणींसाठी व भट्ट्यांसाठी अरण्ये तोडली गेली, आणि झाडांनी धरून ठेवलेली वाळू उघडी पडली. कुऱ्हाडीचा घाव केवळ झाडावर पडत नाही, तो भूमीवरही पडतो, हे येथे उभे राहिले असता कळून येते.

या वाटेवरील सर्वांत भव्य अवशेष ओग्रोजेन्येत्स येथील किल्ल्याचे आहेत. सोळाव्या शतकात बोनेर या श्रीमंत घराण्याने जुन्या गढीच्या जागी येथे वैभवशाली वाडा बांधला. १६५५ साली स्वीडनच्या सैन्याने पोलंडवर स्वारी केली. तिच्या वावटळीत पठारावरील बहुतेक किल्ले जळाले किंवा उद्ध्वस्त झाले. ओग्रोजेन्येत्सही त्यातून सुटला नाही. पुढे आसपासच्या लोकांनी त्याचे दगड घरे बांधण्यासाठी नेले. शत्रूने पाडले त्यापेक्षा स्वकीयांच्या अनास्थेने काही कमी नेले नाही. अखेर दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेल्या भिंती सावरण्यात आल्या आणि किल्ला लोकांसाठी खुला झाला.

वाटेच्या उत्तर टोकाजवळ ओल्श्तिन येथील दुर्ग आहे. १५८७ साली गादीचा एक दावेदार, ऑस्ट्रियाचा राजपुत्र माक्सिमिलियन, याच्या सैन्याने त्यास वेढा दिला. कास्पेर कार्लिन्स्की हा तेथील किल्लेदार होता. परंपरा असे सांगते, की शत्रूने त्याच्या तान्ह्या मुलाला दाईसह पकडून सैन्याच्या अग्रभागी उभे केले. तोफा डागाव्या, तर मूल जाणार. न डागाव्या, तर किल्ला जाणार. किल्लेदाराने छातीवर दगड ठेवून तोफेला बत्ती दिली. किल्ला वाचला, मूल वाचले नाही. आज त्या भग्न बुरुजाखाली उभे राहणारा प्रवासी किल्लेदाराच्या निष्ठेपुढे मस्तक नमवितो. पण त्या निरपराध बालकाच्या आठवणीने त्याचे अंतःकरण व्याकूळ झाल्यावाचून राहत नाही.

ही वाट चेंस्तोहोवा येथे संपते. तेथील यास्ना गुरा मठाला १६५५ साली स्वीडिश सैन्याचा वेढा पडला असता, मूठभर सैनिक व साधू यांनी तो यशस्वीपणे परतवून लावला. राजधानी वॉर्सा येथून १७११ सालापासून दरवर्षी यात्रेकरू पायी चालत या मठात येतात.

प्रेक्षणीय स्थळे पाहणे एवढेच या प्रदेशातील भटकंतीचे प्रयोजन नाही. कोणी पायी चालतो, कोणी सायकलने जातो, कोणी मार्गदर्शकाबरोबर गुहेत उतरतो. हिवाळ्यात वटवाघळे निद्रिस्त असतात, म्हणून त्या काळात अनेक गुहांत कोणी पाऊल टाकीत नाही. तरुण मंडळी दोर आणि शिरस्त्राण घेऊन उभ्या कड्यांवर चढण्याचा सराव करतात. येर्झी कुकुच्का या कामगार तरुणाने १९६५ साली याच खडकांवर चढाईचे पहिले धडे गिरविले. पुढे १९८७ सालापर्यंत त्याने जगातील ८,००० मीटरांहून उंच अशी चौदाही शिखरे सर केली. असा पराक्रम करणारा तो जगातील दुसरा गिर्यारोहक होय. पठारावरील सुळके त्या मानाने ठेंगणेच. पण हिमालयाकडे जाणारा त्याचा मार्ग त्यांच्यावरूनच गेला.

या भटकंतीमागे आणखी एक खोल भावना आहे. १७९५ साली रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंडचा उरलासुरला भागही आपसांत वाटून घेतला, आणि नकाशावरून तो देश नाहीसा झाला. १९१८ पर्यंत पोलिश लोकांना स्वतःचे राज्य नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्राकूफ ऑस्ट्रियाच्या ताब्यात, तर जवळचेच ओइत्सुफ रशियाच्या ताब्यात होते. आपल्याच देशातील दरी पाहण्यासाठी परक्यांची सरहद्द ओलांडावी लागे! अशा पारतंत्र्याच्या काळात, १९०६ साली, वॉर्सा येथे काही सुविद्य लोकांनी देशदर्शनासाठी एक संस्था स्थापन केली. आपला देश पायी हिंडून पाहावा, त्याचे किल्ले, वृक्ष, खडक व लोकरीती यांची माहिती मिळवावी, आणि ती पुढील पिढीस द्यावी, हा तिचा हेतू होता. पोलिश भाषेत या उद्योगास 'देशज्ञान' अशा अर्थाचा स्वतंत्र शब्दच आहे. ज्यांच्या हाती राज्य नव्हते, त्यांनी आपल्या पायांनी देश जपून ठेवला.

आज त्या लोकांपुढे वेगळा प्रश्न आहे. याच वाटेवर मिरूफ आणि बोबोलित्से हे दोन किल्ले एकमेकांच्या दृष्टिपथात उभे आहेत. बोबोलित्सेचा किल्ला पुन्हा बांधून काढण्यात आला व २०११ साली तो खुला झाला. मिरूफ मात्र भग्नावस्थेतच आहे. पडके किल्ले पुन्हा उभारावेत, की जसे आहेत तसे सांभाळावेत, याविषयी जाणत्यांत मतभेद आहेत. नव्या भिंती पाहून मुलांना जुन्या वैभवाची कल्पना येते, हे खरे. पण काळाने केलेली जखम त्याखाली झाकली जाते, हेही खरे. त्या दोन किल्ल्यांमधील वाट अवघ्या अर्ध्या तासाची आहे. ती चालून जाणाऱ्या प्रत्येकाला या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या मनाशी शोधावे लागते.

स्वाध्याय

१. युरा प्रदेशात गुहा पुष्कळ आणि ओढे थोडे का आहेत?
२. काझिमिएश राजाने किल्ल्यांची साखळी कोणत्या हेतूने उभारली?
३. ब्वेन्दुफचे वाळवंट कसे निर्माण झाले?
४. 'ज्यांच्या हाती राज्य नव्हते, त्यांनी आपल्या पायांनी देश जपून ठेवला,' या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
५. भग्न किल्ला पुन्हा बांधावा की तसाच सांभाळावा? तुमचे मत सकारण लिहा.