खाडीचा सातबारा



खाडी कोणाच्या मालकीची? प्रश्न पुस्तकी वाटेल, पण आपल्या गव्हाणच्या कोळ्यांना तो न्यायासनापुढे न्यावा लागला.

जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आपल्या भागातले शेतकरी जमिनीसाठी उभे राहिले. गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के भूखंडाची योजना आली. शेतकऱ्याच्या हाती सातबारा होता. कोळ्याच्या हाती काय होते? डोल, पाग आणि भरती-ओहोटीचे गणित. खाडीला सर्व्हे नंबर नसतो. त्यामुळे १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, पुढे भराव वाढत गेला, तरी खाडीचे नुकसान कोणाच्याच नावे लागेना.

तिवरे तुटली की कोळंबीची आणि बोयांची पिल्ले वाढायची जागा जाते. भरतीचे पाणी अडले की चिंबोऱ्या, निवट्यांचा चिखल सुकतो आणि होडीला समुद्राकडे वाट उरत नाही. मग बाजारात बसणाऱ्या बाईची पाटीही रिकामी. तिचा तोटा सहसा कोणी मोजत नाही.

चौथ्या कंटेनर टर्मिनलच्या वेळी गव्हाण, बेलपाडा, उरण कोळीवाडा व हनुमान कोळीवाडा येथील मच्छीमार राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे गेले. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी न्यायाधिकरणाने बंदर, सिडको व ओएनजीसी यांना १,६३० कुटुंबांसाठी ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये भरपाई द्यायला सांगितले. कुटुंबामागे ५ लाख ८४ हजार. आदेश आणि हातातला पैसा यांतले अंतर कोळीवाड्याला मी सांगायला नको. तरीही तत्त्व मोलाचे आहे. कागद नसला तरी पिढ्यान्‌पिढ्यांची उपजीविका हा हक्क ठरला.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच मालकी आणि वापर यांत भेद केला होता. वस्तू एकाच्या ताब्यात असली तरी तिच्या उपयोगात गरजवंताचा वाटा असतो. २०१५ मध्येच पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात लहान मच्छीमारांचा उल्लेख केला: मासे घटले की त्यांच्याजवळ दुसरे साधन नसते. शिमोन पेत्राची जाळीही एका रात्री रिकामी राहिली होती. पण सकाळी त्याचे सरोवर जागेवर होते.

या आठवड्याच्या समूह बैठकीआधी आपल्या दारी येणाऱ्या कोळीण मावशींना विचारा, मासे अजून खाडीतले असतात की मुंबईच्या धक्क्यावरून आणावे लागतात? आणि त्या दिवशी घासाघीस जरा कमी करा.