विगमनाचा वाद : मिल, ह्यूएल आणि पुराव्याची शिस्त

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात वैज्ञानिक पद्धतीच्या ठरावीक पायऱ्या दिलेल्या असतात : निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष. विद्यार्थी त्या पाठ करतात, उत्तरपत्रिकेत लिहितात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. या पायऱ्या कोणी ठरवल्या, त्यांचा क्रम असाच का, आणि त्यांविषयी जाणत्या लोकांत मतभेद झाले होते काय, हे प्रश्न वर्गात क्वचितच निघतात. वास्तविक एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये याच प्रश्नांवरून मोठा वाद झाला. जॉन स्टुअर्ट मिल आणि विल्यम ह्यूएल हे त्या वादाचे दोन प्रमुख पक्षकार होत. त्या वादाचा परिचय करून द्यावा आणि आपल्या रोजच्या विचारपद्धतीला त्यातून काय घेता येईल ते पाहावे, एवढाच या लेखात आमचा उद्देश आहे.

निगमन आणि विगमन

तर्कशास्त्रात अनुमानाचे दोन मुख्य प्रकार मानतात. सर्व धातू उष्णतेने प्रसरण पावतात, तांबे हा धातू आहे, म्हणून तांबे उष्णतेने प्रसरण पावते, हे निगमन. येथे सामान्य नियमाकडून विशेष उदाहरणाकडे आपण येतो. आधीची दोन्ही विधाने खरी असतील तर निष्कर्ष खोटा असूच शकत नाही. परंतु सर्व धातू प्रसरण पावतात हे मुळात कळले कसे? कोणीतरी तांबे, लोखंड, पितळ तापवून पाहिले आणि थोड्या उदाहरणांवरून सर्वांविषयी विधान केले. विशेषाकडून सामान्याकडे जाणाऱ्या या अनुमानाला विगमन म्हणतात.

विज्ञानाची सारी इमारत विगमनावर उभी आहे, आणि अडचणही तेथेच आहे. युरोपातील लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पांढरेच हंस पाहिले होते, म्हणून हंस पांढराच असतो असे ते धरून चालले. १६९७ मध्ये डच दर्यावर्दी ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले आणि त्यांना काळे हंस दिसले. हजारो उदाहरणांनी उभा राहिलेला नियम एका उदाहरणाने कोसळला. मग किती उदाहरणे पाहिली म्हणजे नियमावर विश्वास ठेवावा? की प्रश्न संख्येचा नसून उदाहरणे कशी निवडली याचा आहे?

मिल यांचे उत्तर

जॉन स्टुअर्ट मिल यांचा जन्म १८०६ चा. ते शाळेत कधी गेले नाहीत. वडिलांनीच त्यांना घरी शिकवले. १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षे त्यांनी लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत नोकरी केली आणि ती सांभाळून १८४३ मध्ये ‘अ सिस्टिम ऑफ लॉजिक’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला.

मिल यांचे म्हणणे असे की, आपले सर्व ज्ञान अनुभवातून येते; मात्र नुसती उदाहरणे मोजत बसणे म्हणजे विगमन नव्हे. कार्यकारणसंबंध शोधण्यासाठी त्यांनी पाच रीती सांगितल्या : अन्वय, व्यतिरेक, दोहोंचा संयोग, अवशेष आणि सहचारी बदल. यांत व्यतिरेकाची रीत सर्वांत बळकट. दोन प्रसंग बाकी सर्व बाबतींत सारखे असावेत, फक्त एका बाबतीत भिन्न असावेत. आणि परिणाम एकात दिसावा, दुसऱ्यात दिसू नये. अशा वेळी ती भिन्न बाब कारणाशी संबंधित असली पाहिजे, असे अनुमान करता येते.

या रीतीचे बळ पाहायचे तर लंडनमधील १८५४ ची पटकीची साथ पाहावी. दुर्गंधीयुक्त हवेतून पटकी पसरते, असे त्या काळी बहुतेक वैद्य मानीत. डॉक्टर जॉन स्नो यांचा संशय पाण्यावर होता. दक्षिण लंडनच्या काही भागांत दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्यावरून गेलेले होते. शेजारी शेजारी घरे, तीच हवा, तशाच प्रकारची माणसे. फरक इतकाच की एका घरात एका कंपनीचे पाणी, तर दुसऱ्या घरात दुसरीचे. साउथवर्क अँड व्हॉक्सॉल कंपनी शहराच्या सांडपाण्याने दूषित झालेल्या टेम्स नदीतून पाणी घेई. लॅम्बेथ कंपनीने मात्र १८५२ मध्ये आपला उपसा शहराच्या वरच्या अंगाला हलवला होता.

स्नो यांनी मृत्यू झालेल्या घरी पाणी कोणाचे येते याची चौकशी केली. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत पहिल्या कंपनीच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू झाले होते, तर दुसरीच्या २६,१०७ घरांत ९८. दर दहा हजार घरांमागे हे प्रमाण सुमारे ३१५ आणि ३७ असे पडते. मिल यांचा ग्रंथ समोर ठेवून स्नो यांनी हे काम केले, असे आम्ही म्हणत नाही. परंतु व्यतिरेकाच्या रीतीचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

ह्यूएल यांचा आक्षेप

विल्यम ह्यूएल हे मिल यांच्याहून बारा वर्षांनी मोठे. सुताराच्या घरी जन्मलेला हा मुलगा विद्येच्या बळावर केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचा प्रमुख झाला. समुद्राच्या भरती-ओहोटीवर त्यांनी स्वतः संशोधन केले. आज रूढ असलेला ‘सायंटिस्ट’ हा इंग्रजी शब्द त्यांचाच, आणि मायकेल फॅरडे यांना ‘ॲनोड’, ‘कॅथोड’ हे शब्द त्यांनीच सुचवले. १८३७ मध्ये त्यांनी विगामी विज्ञानांचा इतिहास तीन खंडांत लिहिला आणि १८४० मध्ये त्यांचे तत्त्वज्ञान मांडले. विज्ञानाची पद्धत सांगण्यापूर्वी विज्ञान प्रत्यक्षात कसे घडले हे पाहिले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

मिल यांच्या रीतींवर त्यांचा आक्षेप साधा होता. कोणती बाब समान आणि कोणती भिन्न हे आधीच मांडून ठेवलेले असेल, तर या रीती उपयोगी पडतील. पण निसर्ग आपल्यापुढे असा तक्ता मांडून ठेवत नाही. नुसती तथ्ये पुरेशी नाहीत. त्यांना गुंफणारी कल्पना माणसाच्या बुद्धीला पुरवावी लागते. केप्लर यांचे उदाहरण ते देत. टायको ब्राहे यांनी मंगळाच्या स्थानांची काटेकोर नोंद ठेवली होती. त्या नोंदींत लंबवर्तुळ कोठेही लिहिलेले नव्हते. केप्लर यांनी अनेक कल्पना लावून पाहिल्या, टाकून दिल्या आणि शेवटी लंबवर्तुळाशी नोंदी जुळल्या. १६०९ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. ह्यूएल म्हणत, मोती आधीपासून होते, परंतु दोरा केप्लर यांनी आणला.

मिल यांना हे मान्य नव्हते. एखादा खलाशी बेटाभोवती फेरी मारून ‘हे बेट आहे’ असे म्हणतो, तेव्हा तो पाहिलेल्या गोष्टींचे एकत्र वर्णन करतो; नवे अनुमान करत नाही. केप्लर यांनी तेच केले, असे त्यांचे उत्तर. ह्यूएल यांनी १८४९ मध्ये याला स्वतंत्र पुस्तिकेने प्रत्युत्तर दिले, आणि मिल यांनी आपल्या ग्रंथाच्या पुढील आवृत्त्यांत त्याचा समाचार घेतला.

आता प्रश्न उरतो : कल्पना जर बुद्धीने पुरवायची, तर खरी कल्पना आणि भ्रम यांत फरक कसा करावा? ह्यूएल यांनी दोन कसोट्या सांगितल्या. पहिली, कल्पनेने अजून न पाहिलेल्या गोष्टीचे भाकीत करावे. दुसरी, एका प्रकारच्या तथ्यांसाठी काढलेल्या कल्पनेने अगदी वेगळ्या प्रकारची तथ्येही उलगडावीत. न्यूटन यांच्या गुरुत्वाकर्षणाने ग्रहांच्या कक्षा, चंद्राची गती आणि समुद्राची भरती ही सारी एका सूत्रात आली. विगमनांच्या या एकवाक्यतेला ह्यूएल सत्याची खूण मानत.

दोन्ही पक्षांच्या मर्यादा

वाद चालू असतानाच निसर्गाने दोन्ही पक्षांची परीक्षा घेतली. युरेनसची गती गणिताशी जुळत नव्हती. फ्रेंच गणिती ले व्हेरिए यांनी त्यापलीकडे एक अज्ञात ग्रह असावा असे मानून त्याचे स्थान काढले, आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत त्या स्थानापासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. ह्यूएल यांच्या कसोटीचा हा विजयच होता. परंतु त्याच ले व्हेरिए यांनी १८५९ मध्ये बुधाच्या गतीतील फरकासाठी तीच युक्ती लावली आणि सूर्याजवळ आणखी एक ग्रह कल्पिला. त्याचे नाव ‘व्हल्कन’ असे पडलेही. ग्रह मात्र नव्हताच. तो फरक १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताने उलगडला. एकच तथ्य दोन निरनिराळ्या कल्पनांनी उलगडू शकते, ही मिल यांची सूचना येथे खरी ठरली.

दुसरीकडे, मिल यांच्या रीतीही एकट्या पुरत नाहीत. विल्यम फार हे लंडनचे नामांकित सांख्यिकी अधिकारी. १८४९ च्या साथीत त्यांना आढळले की, टेम्सच्या पातळीपासून जमीन जितकी उंच तितके पटकीचे मृत्यू कमी. सहचारी बदलाचे हे सुरेख उदाहरण, आणि आकडेही खरे. निष्कर्ष मात्र चुकला : सखल भागातील दूषित हवेमुळे रोग होतो, असे त्यांनी मानले. सखल भागात राहणाऱ्यांना दूषित पाणी मिळते, हा विचार तेव्हा त्यांनी पुरेसा तपासला नव्हता. फार यांचा मोठेपणा असा की, १८६६ च्या साथीपर्यंत पुरावा पाहून त्यांनी आपले मत बदलले आणि पाण्याची बाजू घेतली. स्नो यांना हे पाहायला मिळाले नाही. १८५८ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

१८५९ मध्ये डार्विन यांचा ग्रंथ आला, तेव्हा त्यांचे जुने गुरू ॲडम सेजविक यांनी आरोप केला की डार्विन यांनी विगमनाचा मार्ग सोडला आहे. मिल यांनी आपल्या ग्रंथाच्या पुढील आवृत्तीत डार्विन यांची बाजू घेतली : गृहीतक अजून सिद्ध झालेले नाही, पण ते मांडण्याची रीत निर्दोष आहे. उलट, ज्या ह्यूएल यांचे वचन डार्विन यांनी ग्रंथाच्या आरंभी छापले होते, त्यांना उत्क्रांती पटली नाही. पद्धतीविषयी मत एक आणि निष्कर्षाविषयी दुसरे असू शकते, हे यातून दिसते. पुढे १८७४ मध्ये जेव्हन्स यांनी विगमनाचा निष्कर्ष नेहमी संभाव्यच असतो, त्याला पूर्ण निश्चिती नसते, असे मांडले. आज बहुतेक अभ्यासक याच बाजूला झुकतात.

आपण काय घ्यावे

मिल हे नाव आपल्याला सर्वस्वी परके नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचाच इशारा उद्धृत केला होता : कितीही थोर पुरुष असो, त्याच्या चरणी आपले स्वातंत्र्य वाहू नये. राज्यकारभाराविषयीची ही सूचना आणि तर्कशास्त्रातील त्यांची शिकवण यांचे मूळ एकच आहे. सांगणारा कोण यावर सत्य ठरत नाही; पुरावा काय यावर ठरते.

म्हणून पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना आमचे सांगणे असे की, मुलांना या वादाचे सार तीन प्रश्नांच्या रूपाने द्यावे. गंडा बांधल्यावर ताप उतरला असे कोणी म्हटले, तर विचारावे : गंडा न बांधलेल्या किती जणांचा ताप तितक्याच दिवसांत उतरला? हा मिल यांचा प्रश्न. दुसरा प्रश्न : याच गोष्टीचे दुसरे कोणते कारण असू शकेल? फार यांनी तो उशिरा विचारला. तिसरा प्रश्न ह्यूएल यांचा : हे म्हणणे खरे असेल, तर पुढे काय दिसायला हवे, आणि ते दिसते काय?

या प्रश्नांचे मोल केवळ प्रयोगशाळेपुरते नाही. दोन-चार माणसांवरून एखाद्या संपूर्ण समाजाविषयी मत बनवणे, हेही विगमनच आहे; फक्त ते अत्यंत कच्चे आहे. अशा कच्च्या विगमनाची किंमत आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी मोजली आहे. विरुद्ध उदाहरण समोर आले तरी ‘हा अपवाद’ म्हणून ते बाजूला सारले जाते आणि नियम तसाच राहतो. विज्ञानात काळा हंस दिसला की नियम बदलतो. पूर्वग्रहात नियम राखण्यासाठी हंसालाच नाकारले जाते. आपल्या मुलामुलींनी दुसऱ्यांविषयी असे निष्कर्ष काढू नयेत, आणि स्वतःविषयी कोणी काढले तर पुरावा मागण्याचे धैर्य त्यांच्या अंगी असावे. हे धैर्य पाठांतराने येत नाही. वर्गात आणि घरी प्रश्नाला प्रश्न म्हणून मान मिळाला, म्हणजे ते हळूहळू येते.