मुळांचं 'सी'

सॉइल मेकॅनिक्समध्ये आपण मातीची शिअर स्ट्रेंग्थ काढतो: 'सी' म्हणजे कोहेजन, अधिक घर्षणाचा भाग. सूत्र सगळ्यांना पाठ! पण त्यात झाड कुठे बसतं, हे मला लायब्ररीत एक जुना पेपर हाती लागेपर्यंत कळलं नव्हतं.

अलास्कातल्या प्रिन्स ऑफ वेल्स बेटावर जंगलतोडीनंतर उतार घसरत होते. वू, मॅकिनेल आणि स्वॉन्स्टन या तिघांनी १९७९ साली त्यावर लिहिलं. माती सरकू लागली की मुळं ताणली जातात, आरसीसीतल्या सळईसारखी. मातीच्या दर एकक क्षेत्रफळामागे मुळं जेवढा ताण सोसतात, त्याच्या साधारण १.२ पट 'सी' वाढतं.

गंमत पुढे आहे (गंमत कसली म्हणा). झाड तोडलं म्हणून डोंगर लगेच खाली येत नाही. मुळं काही वर्षं तग धरतात, मग कुजतात. नवी रोपं लावली तरी त्यांची मुळं तोवर बारीकच. या मधल्या वर्षांत मुसळधार पाऊस आला की खरा धोका. म्हणून "तोडली तेवढी लावली" हा हिशेब मला पटत नाही. अर्थात घसरण मुळांच्याही खालून होत असेल, तर झाडांचा फारसा उपयोग नाही.

आपल्या हॉस्टेलमागच्या उतारावरची झाडं तोडली, त्यांचे बुंधे अजून तिथेच आहेत. रविवारी एकाशेजारी थोडं खणून बघणार आहे. फावडं कुणाकडे आहे का?