धष्टपुष्ट कोकरूच आधी जातं

बाजरी निघाली की मांजरी गावच्या आमच्या रानात मेंढ्या बसायला येतात. कोकणाकडे निघालेलं ते धनगर कुटुंब आता घरचंच झालं आहे. एका वर्षी त्यांची कोकरं पटापट मरू लागली. संध्याकाळी उड्या मारणारं कोकरू पहाटे मान मागे ताणून पाय झाडताना दिसे आणि उन्हं वर यायच्या आत संपे. त्यांच्यातले मामा म्हणाले, "पान लागलं असंल," म्हणजे साप चावला असेल. कुणाला शेजारच्या फवारणीचा संशय आला. मला मात्र खटकत होतं ते हे, की मरत होती ती कळपातली सगळ्यांत धष्टपुष्ट कोकरं. रोडक्यांना काहीच होत नव्हतं.

पशुवैद्यकांनी शवविच्छेदन केलं. मूत्रपिंड पार लिबलिबीत झालेलं. आंत्रविषार! याचे जंतू निरोगी मेंढीच्या आतड्यातही असतात. गळलेली कणसं, धान्य किंवा पहिल्या पावसाचं कोवळं गवत एकाएकी पोटभर मिळालं की ते भराभर वाढतात आणि विष सोडतात. जे जास्त खातं, ते आधी जातं. शहरात तर लोक भूतदया म्हणून शिळा भात, चपात्या, पाव शेळ्यामेंढ्यांपुढे ओततात. हात जोडून सांगतो, असं करू नका.

या रोगात उपचाराला वेळच मिळत नाही, म्हणून सगळी भिस्त लसीवर. ती आपल्याच पुणे शहरात, औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत तयार होते. पावसाळ्याआधी, मे महिन्यात ती टोचून घ्या. पहिल्यांदा टोचताना दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागतेच. पुष्कळ जण पहिल्या मात्रेवरच थांबतात आणि "लस देऊनही मेली" म्हणतात. पुढे दरवर्षी एकदा. गाभण मेंढीला विण्याआधी महिनाभर टोचली, तर चिकातून कोकराला सुरुवातीचे काही आठवडे संरक्षण मिळतं. लस बर्फाच्या डब्यातून आणा, पण ती गोठू देऊ नका; गोठलेली लस वाया गेली असं समजा.

गोठ्यात गाई असतील तर फऱ्या रोगाची लसही पावसाळ्याआधीच द्या. सहा महिने ते दोन वर्षांची भरलेली कालवड लंगडू लागली, अंगात ताप आहे, फऱ्यावर सूज आहे आणि ती दाबली की चरचरते, तर घरगुती औषधांत तासही घालवू नका. लवकर पेनिसिलिन मिळालं तर कधीकधी जनावर वाचतं. १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा.

मेलेलं जनावर स्वतः फाडू नका. नाकातोंडातून रक्त येत असेल तर तो फाशी (अँथ्रॅक्स) हा रोगही असू शकतो आणि तो माणसालाही होतो. मांस तर विकूच नका. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. फऱ्याचे जंतू मातीत वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून ती जागा चराईपासून आणि ओढ्यापासून लांब हवी.