दवाखान्यातील फॉर्म आणि रुग्णाची गोपनीयता

वडोदऱ्यातील माझ्या दवाखान्यात दोन वर्षांपूर्वी स्वागतकक्षातील मुलीने लसीकरणाच्या नोंदणीसाठी ऑनलाइन फॉर्म तयार केला. बाळाचे नाव, जन्मतारीख, पालकांचा मोबाइल, पूर्वीचे आजार. प्रोग्रॅमिंगचे अक्षरही न शिकता तिने हे साधले, याचे मला कौतुकच वाटले. तीन आठवड्यांनी एका मातेचा फोन आला : "डॉक्टर, फॉर्म भरल्यावर दुसऱ्यांनी लिहिलेलंही दिसतं हो." भरणाऱ्यास उत्तरांचा गोषवारा दाखवण्याचा पर्याय चालू राहिला होता. त्यात एका पालकांनी मुलाच्या नावासह लिहिले होते की, त्याला आकडी येते. ही गोष्ट त्यांनी शाळेलाही सांगितली नव्हती. चूक त्या मुलीची नव्हे. फॉर्म पाठवण्यापूर्वी मी तो पाहिलाच नव्हता.

मोठ्या संस्थांचेही असेच होते. ऑगस्ट २०२१ मध्ये 'अपगार्ड' या संस्थेने उघड केले की, मायक्रोसॉफ्टच्या 'पॉवर ॲप्स' या साधनावर उभारलेल्या पोर्टलांमधून ४७ संस्थांच्या सुमारे ३ कोटी ८० लाख नोंदी कोणालाही पाहता येत होत्या. त्यांत अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या आरोग्य विभागाची कोविड-संपर्कशोधाची माहितीही होती. कोणी कुलूप फोडले नव्हते. माहितीची यादी बाहेर उपलब्ध करून देताना तक्त्यावरील परवानग्यांचे बंधन वेगळे चालू करावे लागे, आणि ते अनेकांनी केलेच नव्हते. पुढे मायक्रोसॉफ्टने ते बंधन मुळातच चालू ठेवण्यास प्रारंभ केला.

आता आमच्या फॉर्ममधून आजारांचा रकाना गेला आहे; तो प्रश्न मी तपासणीच्या खोलीतच विचारतो. दुवा पाठवण्यापूर्वी दोन खोट्या नोंदी भरून, लॉगिन न केलेल्या दुसऱ्याच मोबाइलवर काय दिसते ते पाहतो. उत्तरांची शीट फक्त दोघांना उघडते आणि फॉर्म दवाखान्याच्या खात्यात असतो. नोकरी सोडून जाणाऱ्याबरोबर यादीही जावी, हे बरे नव्हे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात सुरक्षेतील कसुरीसाठी २५० कोटींपर्यंत दंड आहे. माझ्या दवाखान्यापुढे हा आकडा विनोदीच म्हणायचा, पण दंडाची भीती हे काही माझे कारण नव्हे.

त्या मुलाच्या वडिलांना मी स्वतः फोन करून सर्व सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "किती जणांनी पाहिलं असेल?"

गोषवारा कोणी उघडला याची नोंद त्या फॉर्ममध्ये राहत नाही. मला उत्तर देता आले नाही.