सेन्सरला चकवणारी पेटी

प्रश्न : माझ्या पेट्रोल गाडीला पाण्यापासून हायड्रोजन काढणारं किट बसवून घेतलं. महिना झाला, अ‍ॅव्हरेज जैसे थे. आता गॅरेजवाला म्हणतो, ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीत छोटी पेटी घालून सिग्नल 'अ‍ॅडजस्ट' करावा लागेल, नाहीतर फरक दिसणार नाही. हे काय प्रकरण आहे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : गॅरेजवाला नकळत खरं बोलून गेला. फरक दिसलाच, तर तो पेटीचा असेल.

सायलेन्सरच्या नळीत, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या अलीकडे, बोटाएवढा ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात ऑक्सिजन उरला तर तो 0.1 व्होल्टच्या आसपास दाखवतो, पेट्रोल जास्त झालं तर 0.9 च्या. इंजिन तापल्यावर स्कॅनर लावून पाहा, हा आकडा सारखा खालीवर झोके घेताना दिसेल. त्या झोक्यांवरूनच ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल हे प्रमाण राखतो.

किटवाले सांगतात, हायड्रोजनमुळे जळण सुधारतं, धुरात ऑक्सिजन जास्त उरतो आणि ईसीयू फसून पेट्रोल वाढवतो. म्हणून सिग्नल बदला. ऐकायला पटतं. पण पाणी फोडून निघालेल्या वायूत दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन असतो. जळताना दोन्ही बरोबर संपतात आणि पुन्हा पाणीच होतं. मग जास्तीचा ऑक्सिजन येणार कुठून? उलट जळण खरंच जास्त पूर्ण झालं, तर ऑक्सिजन कमी उरायला हवा!

आणि वायू निघतो किती? सहा सेल ओळीने जोडून 20 अँपियर सोडले, तर मिनिटाला सव्वा लिटर. ताशी साठने जाणारी, लिटरला 20 किलोमीटर देणारी गाडी तेवढ्यात साडेचारशे लिटरच्या घरात हवा ओढते. त्या वायूतून मिळणार दीडशे वॅट. ते 20 अँपियर अल्टरनेटरमधून काढायला पेट्रोल जळतं दोन हजार वॅटच्या आसपासचं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

पेटी सेन्सरच्या व्होल्टेजमध्ये 0.2 वगैरे व्होल्टची भर घालते. पेट्रोल जास्त होतंय असं वाटून ईसीयू हात आखडता घेतो. मिश्रण लीन होतं. तसं केल्याने पेट्रोल थोडं वाचेलही, पण ते किटशिवायही वाचलं असतं. शिवाय धुरात ऑक्सिजन उरला, की कन्व्हर्टरला नायट्रोजनची ऑक्साइडं मोडता येत नाहीत. पीयूसीत ती मोजत नाहीत, त्यामुळे पावती मात्र स्वच्छ!

काही पेट्या मॅप सेन्सरचा, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा, सिग्नलही खाली ओढतात. त्या तर लावूच नका. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, की ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकणं सोडतो आणि मॅपवर विसंबतो. आंबा घाट चढताना तिथेच पेट्रोल कमी पडलं, तर इंजिन नॉक होऊन पिस्टनवर बेतू शकतं.

गॅरेजवाल्याला एवढंच विचारा : पेटी लावून किटची वायर काढून ठेवली, तर अ‍ॅव्हरेज किती पडेल?